लॅक्सटनचा नकाशा : कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ताईने दोन महिन्यांपूर्वी सांगितलेलं काम आज एकदाचं सुरू केलं. ती कराडजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि तिला नववीच्या वर्गासाठी इंग्लंडमधल्या एका खेड्याचा भिंतीवर लावता येईल एवढा मोठा नकाशा हवाय, मराठीत, आणि सोबत छोटी पुस्तिका. तिचं म्हणणं, पोरांना इंग्लंड म्हटलं की लंडन ब्रिज आणि बिग बेन एवढंच माहिती असतं, तिथेही शेतकरी आहेत, चिखल आहे, गावकी आहे हे कुणी दाखवत नाही.

मी सहा वर्षं नॉटिंगहॅममध्ये राहतोय. कुठलं गाव घ्यायचं यावर फार विचार करावा लागला नाही, लॅक्सटन. न्यूअर्कच्या वायव्येला, टक्सफर्डच्या जवळ, शेरवूडच्या जंगलपट्ट्याच्या पूर्वेला असलेलं लहानसं गाव. कॅलेंडरवर छापतात तसलं फुलांनी झाकलेलं गाव नाहीये ते. लाल विटांची घरं, वर लाल कौलं, बऱ्याच फार्महाऊसची रुंद बाजू रस्त्याकडे नसून अरुंद बाजू रस्त्याकडे आणि मागे लांबच लांब अंगण. पण या गावात जी गोष्ट टिकलीय ती इंग्लंडमध्ये दुसरीकडे अशी चालू स्थितीत कुठेच उरलेली नाही : मध्ययुगातली खुली शेती. मोठमोठी तीन शेतं, मध्ये कुंपण नाही, आत प्रत्येकाच्या वेगवेगळ्या पट्ट्या, आणि सगळ्यांवर देखरेख ठेवणारं गावाचं स्वतःचं कोर्ट. माझ्यासारख्या भूकरमापकाच्या मुलाला यापेक्षा भारी विषय कुठून मिळणार.

आज फक्त फोल्डर बनवले, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममध्ये ब्रिटिश नॅशनल ग्रिड, म्हणजे तिथल्या नकाशांची ठरलेली चौकट, सेट केली, आणि बेस म्हणून स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेले ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याचे, जुने नकाशे जोडले. इंग्लंडचे नकाशे स्कॉटलंडची लायब्ररी फुकट देते, त्यांचे आभार मानावे तेवढे कमी.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज दिवसभर तिथे. गाडी चर्चपाशी लावली आणि चालत सुटलो.

सगळ्यात आधी माती. बुटाला चिकटली की सुटत नाही, लालसर जड चिकणमाती, भूगर्भवाले हिला मर्सिया मडस्टोनवरची माती म्हणतात. पश्चिमेला थोडं गेलं की शेरवूडची वाळूची हलकी जमीन लागते आणि तिथे झाडं आणि झुडपं, इथे मात्र गहू. पुस्तिकेत पहिलं पान मातीचं ठेवणार, कारण बाकी सगळं तिच्यावर उभंय : जड जमीन म्हणून नांगराला बैल जास्त, बैल जास्त म्हणून एकट्याला परवडत नाही, म्हणून मिळून नांगरणी आणि मिळून नांगरणी म्हणून पट्ट्या. इतकं सरळ नव्हतं हे मला माहितीय, पण नववीच्या पोराला धागा हातात देण्यापुरतं बरोबर आहे.

तीन शेतांची नावं वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक, आणि दरवर्षी फिरतं चक्र. पट्टीवाल्याला वाटलं म्हणून गव्हाच्या शेतात वेगळं काही पेरता येत नाही, सगळ्या शेताला एकच नियम. एका माणसाच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या असतात, थोडी चांगली जमीन, थोडी वाईट, थोडी उतारावरची, म्हणजे कुणा एकाच्याच वाट्याला सगळा चिखल येत नाही.

मला सगळ्यात आवडले ते साइक. हा तिथला जुना शब्द आहे, पट्ट्यांच्या मध्ये जिथे जमीन फार ओली किंवा फार उताराची असल्याने नांगर चालत नाही तिथे ठेवलेलं गवत. ओहोळाच्या कडेने लांबट हिरव्या जिभा दिसतात. नांगर कधी न लागल्यामुळे तिथे रानफुलांची विविधता टिकलीय आणि त्यांना सरकारी संरक्षण आहे. उन्हाळ्यात तिथल्या गवताचा लिलाव होतो. मराठीत काय लिहू? गायरान म्हणावं तर हे तुकडे तुकडे आहेत. बीड, कुरण, पडण... ताईला विचारलं, तिने म्हटलं साइकच ठेव आणि खाली 'नांगराबाहेरचं गवत' असं लिही. छान वाटलं ते.

डव्हकोट इन नावाचा पब आहे गावात, त्याच्याजवळच पिनफोल्ड, म्हणजे दुसऱ्याच्या पिकात घुसलेली जनावरं कोंडायची जागा. इथे मात्र शब्द शोधावा लागला नाही. कोंडवाडा! आमच्या गावी ग्रामपंचायतीमागे होता तसाच, आणि जनावरं धरून आणणाऱ्या माणसाचं पदही होतं इथे, त्याला पिंडर म्हणायचे.

१९ ऑक्टोबर

नकाशाचं खरं काम. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाची पूर्ण मोजणी केली. नकाशाची मोठी शीट्स आणि सोबत एक वही, जिला टेरियर म्हणतात, त्यात प्रत्येक खातेदाराची एकेक पट्टी, कुठल्या शेतात, शेजारी कोण, क्षेत्र किती. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे, मी फोटोवर काम करतोय. नकाशावर पट्ट्या तर आहेतच, पण माणसंपण काढलीत, नांगरणारी, पेरणारी, कापणी करणारी. एक तास नुसता तो बघत बसलो. एवढ्या काळजीने माणसं काढणारा मोजणीदार मी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली. बाबा ३४ वर्षं मोजणी खात्यात होते, तालुक्यात सगळीकडे टेबल घेऊन फिरलेत. त्यांनी चष्मा पुसला, जवळ गेले आणि पहिला प्रश्न विचारला, "हद्दीच्या खुणा कुठेत?" मी सांगितलं की दोन पट्ट्यांमध्ये बांध नाहीये, नुसती नांगराची सरी. ते गप्पच झाले. मग म्हणाले, "मग भांडणं किती होत असतील रे."

तिथूनच सगळं वळण बदललं या प्रकल्पाचं. मी शेती दाखवणार होतो, आता मला हे दाखवायचंय की बांधाशिवाय चारशे वर्षं हद्द राहिली कशी.

२० ऑक्टोबर

रात्री मापांवर बसलो. टेरियरमध्ये क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड, म्हणजे एकराला १६० पर्च. आपल्याकडे एकराला ४० गुंठे. म्हणजे एक गुंठा बरोबर चार पर्च! बाबांना लगेच फोन लावला, रात्रीचे अडीच वाजले होते तिकडे, पण ते उठले आणि खुश झाले. म्हणाले आमची साखळी ३३ फुटांची होती, तिचे सोळा आणे, आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. इंग्लंडची गंटर साखळी ६६ फुटांची, आपली तिची निम्मी. एकर आपल्याकडे आला तो कंपनी सरकारच्या मोजणीबरोबर, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून जे काम सुरू केलं त्यातून. म्हणजे पिअर्सची वही आणि आपला सातबारा यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर असलं तरी माप एकाच घरातलं आहे. ताईच्या पोरांना हे गणित करायला द्यायचं, पिअर्सच्या पट्टीचे गुंठे काढा.

आणि फर्लांग. आमची आजी अंतर सांगताना फर्लांगभर म्हणायची. तो शब्द आला नांगराच्या एका सरीच्या लांबीवरून, २२० यार्ड, बैल न थांबता ओढतील तेवढं. लॅक्सटनला फर्लांग म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या पट्ट्यांचा गठ्ठापण. दोन्ही अर्थ पुस्तिकेत.

२ नोव्हेंबर

नकाशा बसत नव्हता. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायला मी शीटच्या कोपऱ्यांजवळचे रस्त्यांचे चार पॉइंट घेतले होते, उत्तरेला छान बसलं पण दक्षिणेला पट्ट्या पन्नास-साठ मीटर सरकल्या, साउथ फील्डच्या पट्ट्या चक्क ओहोळात गेल्या. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या.

शेवटी बाबांनी सांगितलेली पद्धत वापरली : माणसाला हलवता येत नाही ते धर. चर्चचा मनोरा, गढीचा टेकाडा, जुन्या गल्ल्यांचे तिठे, ओहोळाची वळणं. एकूण बावीस पॉइंट घेतले आणि रबरासारखं ताणून बसवणारी पद्धत निवडली. आता बहुतेक ठिकाणी फरक दहा मीटरच्या आत आहे. हे सगळं झाल्यावर मला पिअर्सबद्दल फार आदर वाटायला लागला, कारण चूक त्याची कमी आणि माझ्या पॉइंटांची जास्त होती, साखळी आणि साध्या अवजारावर त्या माणसाने हे केलंय.

९ नोव्हेंबर

आज लायडार. एन्व्हायर्नमेंट एजन्सी विमानातून लेसरने घेतलेली जमिनीची उंची फुकट देते, एक मीटरच्या बारकाईने. ती उतरवून घेतली आणि तिरप्या उजेडाची सावली टाकली, आणि जमीन अक्षरशः बोलायला लागली. जिथे आता गवत आहे आणि बरीच वर्षं नांगर गेलेला नाही तिथे जुन्या पट्ट्यांच्या वरंबा-सऱ्या कॉरडरॉयच्या कापडासारख्या उठून दिसतात. आणि सरळ नाहीत त्या! हलका उलटा एस आकार. कारण बैलांची लांब जोडी पट्टीच्या टोकाला वळवायची तर आधीपासूनच वळण घ्यावं लागतं. बैल जाऊन कित्येक पिढ्या झाल्या, त्यांचं वळण जमिनीत आहे.

गढीपण झकास दिसते. गावाच्या उत्तरेला मातीचा मोठा उंचवटा, खंदक, आणि माथ्यावर आणखी एक लहान उंचवटा. नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतल्यानंतर बांधलेल्या मातीच्या गढ्यांपैकी नॉटिंगहॅमशायरमधली सगळ्यात चांगली राहिलेली ही. डूम्सडे बुकात, म्हणजे १०८६ च्या नोंदीत, गाव जेफ्री आल्सेलिनच्या नावावर आहे आणि त्याआधी टोकी नावाच्या माणसाचं होतं असं लिहिलंय. आधीचा मालक आणि आताचा मालक दोन्ही लिहायचे, बाबा म्हणाले फेरफार नोंदच की ही. पुढे इथल्या सरदारांकडे राजाच्या जंगलांची राखण होती, म्हणून एवढ्याशा गावाला एवढी मोठी गढी. नंतर एव्हरिंगहॅम घराणं, त्यांचे पुतळे चर्चमध्ये आहेत, त्यात एका स्त्रीचा लाकडी आहे. पुस्तिकेत सरदारांना अर्धं पान पुरे.

१६ नोव्हेंबर

आज जे सापडलं त्याने झोप उडाली.

१६३५ ला मोजणी करवून घेतली कुणी, तर सर विल्यम कोर्टेन. मला वाटलं कुणी गावचा जहागीरदार असेल. तर हा लंडनचा व्यापारी, फ्लँडर्समधून पळून आलेल्या घरातला, रेशमाचा आणि लिननच्या कापडाचा धंदा, राजाला मोठमोठी कर्जं दिलेली, १६२७ मध्ये बार्बाडोसवर वसाहत बसवणाऱ्यांत पुढे असलेला. आणि त्याच १६३५ च्या डिसेंबरमध्ये चार्ल्स राजाने त्याच्या मंडळींना पूर्वेकडे व्यापाराची परवानगी दिली, ईस्ट इंडिया कंपनी असताना तिला डावलून. १६३६ च्या एप्रिलमध्ये जहाजं निघाली, कप्तान जॉन वेडेल, बरोबर पीटर मंडी नावाचा प्रवासी ज्याने सगळं लिहून ठेवलं, आणि ऑक्टोबरमध्ये जहाजं पोचली कुठे, तर गोव्याला!

गोव्याला जाता आलं कारण १६३५ च्या सुरुवातीलाच सुरतेचा कंपनीचा प्रमुख मेथवोल्ड आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय यांच्यात गोव्यात तह झाला होता. तो तह कंपनीने केला आणि त्याचा फायदा कंपनीच्या प्रतिस्पर्ध्याला. तिथून ते भटकळला गेले मिरीसाठी, मग चीनमध्ये मकाव आणि कँटन. नंतर कारवारलाही कोर्टेनच्या मंडळींची वखार झाली.

कोर्टेन मात्र जहाजं गोव्याला लागण्याआधीच वारला होता, १६३६ मध्येच. मांडवीत नांगर टाकून उभ्या असलेल्या खलाशांना ते कुठून कळणार.

मी दोन्ही तारखा शेजारी लिहून कितीतरी वेळ बसलो. एकाच वर्षी, एकाच माणसाच्या टेबलावर, एका बाजूला लॅक्सटनच्या शेतकऱ्याच्या अर्ध्या एकराच्या पट्टीचा हिशोब आणि दुसऱ्या बाजूला कोकण किनाऱ्याचा आणि मिरीचा. ज्या नजरेने तो गाव मोजवून घेत होता तीच नजर आपल्या किनाऱ्याकडे वळली होती असं मला वाटतं, गावातून येणारा पैसा नेमका किती हे माहिती असल्याशिवाय एवढा व्यापारी पुढचा डाव टाकणार नाही. हे माझं वाटणं आहे, पुस्तिकेत तसंच लिहिणार. पण तारखा पक्क्या आहेत.

पोराच्या काळात धंदा बुडाला आणि लॅक्सटन पिअरपाँट घराण्याकडे गेलं. नकाशा तेवढा राहिला.

१७ नोव्हेंबर

ताईला कालचं सांगितलं. ती म्हणाली मग मोठ्या नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा घाल, लंडन ते गोवा जहाजाची वाट. घालतोय.

२४ नोव्हेंबर

आज नुसतं वाचन, कुंपणं का आली नाहीत यावर. बाकीच्या इंग्लंडमध्ये अशी खुली शेतं पार्लमेंटच्या कायद्यांनी मोडली, १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांवर ठराव आणि सुमारे ६८ लाख एकर, देशाचा पाचवा हिस्सा. पट्ट्या एकत्र करून कुंपण घातलं, ज्याच्याकडे थोडं होतं आणि जो सामायिक रानावर दोन गाई चारून जगत होता तो मोकळा झाला आणि शहराच्या वाटेला लागला. उत्पन्न वाढलं हे खरंच आहे, पण किती घरं त्यात उठली हे विसरून चालणार नाही, आणि ताईच्या पुस्तकात फक्त वाढलेलं उत्पन्न आहे.

लॅक्सटनलाही काही भाग कुंपणात गेला, चौथं ईस्ट फील्ड होतं ते आज नाही. बाकीचं वाचलं त्याचं मोठं कारण जमीन दोन मोठ्या घराण्यांत वाटली होती, पिअरपाँट आणि स्कारबरोचे अर्ल, आणि दोघांचं जुळून यायला वेळ गेला. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विखुरलेल्या लहान पट्ट्यांची अदलाबदल करून रुंद पट्ट्या केल्या, आपल्याकडच्या एकत्रीकरणासारखं, पण शेतं खुलीच ठेवली. १९५२ मध्ये पिअरपाँट घराण्यातल्याच अर्ल मॅनव्हर्सने गाव विकलं ते थेट कृषी मंत्रालयाला, पद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या नावाच्या सार्वजनिक मालमत्तेकडे गेलं आणि २०२० मध्ये थॉर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सच्याच वारसांकडे. आज खुली शेतं पाचशे एकरांच्या आतच उरलीत.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी धुकं होतं, नऊला पोचलो. नोव्हेंबरच्या शेवटी ज्युरीचा दिवस असतो हे माहिती होतं म्हणून मुद्दाम आज गेलो. गव्हाचं शेत बोटभर उगवलेलं, आणि कडेला, पट्ट्यांच्या टोकांना, ताज्या तासलेल्या लाकडी खुंट्या! पांढरं लाकूड, अजून पावसाने काळं न पडलेलं. मी खाली बसून एकीचा फोटो काढला.

पद्धत अशी. गावाचं ते जुनं कोर्ट, त्याला कोर्ट लीट म्हणतात, एक ज्युरी नेमतं, बारा जण आणि एक फोरमन, सगळे तिथलेच शेती करणारे. गहू उगवला की हे लोक ट्रेलरमध्ये बसून त्या शेतात जातात आणि प्रत्येक पट्टीची हद्द डोळ्यांनी बघतात. कुणी शेजाऱ्याच्या सरीत फाळ घातला का, वाटेवर नांगर नेला का, साइकचं गवत ओढून घेतलं का. चूक असेल तर खुंटी परत जागेवर ठोकतात आणि नाव लिहून घेतात. आठवड्याने डव्हकोटमध्ये कोर्ट बसतं, समोर स्टुअर्ड, म्हणजे कोर्ट चालवणारा माणूस, दंड सांगितला जातो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. पुढच्या वर्षी गहू दुसऱ्या शेतात, खुंट्या तिकडे. १९७७ च्या कायद्याने देशातल्या अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले तेव्हा लॅक्सटनचे तेवढे ठेवले.

बाबांना शेतातूनच फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "बांध कोरणं म्हणतात त्याला आपल्यात." मग बराच वेळ ते बोलत राहिले, मी धुक्यात उभा. मी लहान असताना आमचा आणि चुलत्यांचा दोन हातांच्या बांधावरून वाद झाला होता आणि अकरा वर्षं दोन घरांत जाणं-येणं बंद होतं. बाबा स्वतः मोजणीदार, पण घरच्या जमिनीची मोजणी त्यांना करता येईना, दुसरा मोजणीदार आला, मोजून गेला, कागद मिळाला, आणि वाद तसाच राहिला. "कागद बरोबर होता," बाबा म्हणाले, "पण मोजायला आलेला माणूस संध्याकाळी निघून गेला ना रे. आणि गावातलं एक माणूस त्या दिवशी बांधावर येऊन उभं राहिलं नाही. आले असते तर दोन हातांचं काय होतं." हे ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले माझ्याशी.

पुस्तिकेचं मधलं पान ज्युरीला दिलं.

१४ डिसेंबर

रंग ठरवले. गव्हाचं शेत पिवळसर, वसंताचं पीक फिकट हिरवं, पडीक तपकिरी, आणि तीन पारदर्शक कागद वर घालून चक्र फिरवता येईल असं करतोय, पोरांना हाताने पालटता आलं पाहिजे. साइक गडद हिरवे. कोंडवाडा, चर्च, गढी, पब यांची चिन्हं ताईच्या एका विद्यार्थिनीने हाताने काढून पाठवली, पिनफोल्डमध्ये तिने एक म्हैस कोंडलीय. म्हैस तिथे नसते, पण मी ती बदलणार नाही, म्हैस राहील.

नकाशावर नॅशनल होलोकॉस्ट सेंटर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक-संग्रहालय, तेपण दाखवलं, १९९५ पासून ते याच गावच्या हद्दीत आहे. बारकी खूण केली आणि पुस्तिकेत चार ओळी.

११ जानेवारी २०२५

मजकूर झाला, बाबांनी तपासला. त्यांनी 'सीमा' खोडून सगळीकडे 'हद्द' केलं, आणि 'भूमापक'च्या जागी 'मोजणीदार'. पिअर्सच्या नावापुढे त्यांनी पेन्सिलने श्री. लावलंय.

एक चूक पकडली त्यांनी : एका पट्टीचे रूडचे गुंठे करताना मी चाळीसने गुणलं होतं, एक रूड म्हणजे दहा गुंठे. दुरुस्त केलं, मग सगळे आकडे परत तपासले, आणखी दोन निघाले.

१ फेब्रुवारी

प्रिंट आलं. ओळखीचे एक जण पुढच्या आठवड्यात पुण्याला चाललेत, नळकांड्यात घालून त्यांच्याकडे दिलं. दक्षिणेच्या टोकाला ओहोळाच्या वळणापाशी अजून आठ-नऊ मीटरचा फरक राहिलाय, तो या प्रिंटमध्ये तसाच गेला आणि ते मला खटकतंय. तिथे जाऊन एक पॉइंट स्वतः घ्यायचाय. बाबा म्हणाले पाणी असताना जा, कोरड्या ओहोळाची कड फसवते. पुढच्या रविवारी पावसाचा अंदाज आहे.